न घडलेल्या अपघाताचं बिल कोण भरणार?

आयसीयूतल्या एखाद्या खाटेजवळ उभं राहून नळ्या बघा. एकीवर माइक्रोपोअरचा तुकडा, त्यावर बॉलपेनने 'नॉरॲड' लिहिलेलं. दुसरीवरचं 'केसीएल' स्पिरिट लागून अर्धं पुसलेलं. तिथूनच खाली आलेली राइल्स ट्यूब, जिच्यातून दर दोन तासांनी फीड द्यायचं असतं. पट्टी पंपाजवळ एक आणि रुग्णाच्या हाताजवळ एक, अशी दोन्ही टोकांना लावलेली. हे कुठल्याही मॅन्युअलमधून आलेलं नसतं. कधीतरी पहाटे कुणाचा तरी हात भलत्याच नळीकडे गेलेला असतो, वेळेवर लक्षात आलेलं असतं, आणि त्या सिस्टरने दुसऱ्या दिवसापासून दोन-दोन पट्ट्या लावायला घेतलेल्या असतात. इन्चार्ज सिस्टरला ते पटतं, वॉर्डात तशी पद्धत पडते. मग युक्ती काढणाऱ्या सिस्टरची बदली होते आणि नव्या वॉर्डात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

अशी एखादी युक्ती ज्यांच्याकडे आहे आणि ती वॉर्डाबाहेर न्यावी, जमलं तर तिची कंपनी उभी करावी असं ज्यांना वाटतं, त्या सिस्टर आणि ब्रदरांसाठी हा लेख आहे.

हे पूर्वी झालेलं आहे. डेन्मार्कमध्ये १९५४ साली एलिसे सोरेन्सन या परिचारिकेच्या बहिणीचं, थोराचं, ऑपरेशन झालं आणि पोटावर स्टोमा आला. गळतीच्या धास्तीने थोरा घराबाहेर पडेना. एलिसेला सुचली ती त्वचेला चिकटणारी, वापरून टाकून द्यायची प्लास्टिकची पिशवी. ही कल्पना घेऊन एलिसे उत्पादकांकडे गेली. नकार मिळाले. प्लास्टिकचा माल बनवणारे ओगे लुई-हान्सन यांनीही आधी नाहीच म्हटलं. पण त्यांची बायको योहाने स्वतः परिचारिका होती. तिला पिशवीचं मोल कळलं आणि तिने नवऱ्याला एक हजार पिशव्या करून बघायला लावल्या. १९५७ मध्ये त्यातून कोलोप्लास्ट ही कंपनी निघाली, ती आज जगभर माल विकते. या गोष्टीतली दुसरी बाजूही बघून ठेवा: कल्पना एलिसेची, कंपनी लुई-हान्सन यांची.

एलिसेच्या पिशवीला एक मोठी सोय होती. तिचा उपयोग रुग्णाला त्याच दिवशी दिसायचा. रुग्णसुरक्षेतल्या बहुतेक कल्पनांना ही सोय नसते. रुग्ण खाटेवरून पडला नाही, चुकीचं औषध गेलं नाही, पाठीला जखम झाली नाही, हे यश कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही. काहीच घडलं नाही तर त्याचे पैसे कुणी का द्यावेत? यंत्र कसं बनवायचं, ॲप कुणाकडून करून घ्यायचं, हे प्रश्न नंतरचे. कंपनी उभी राहते की बसते ते या पहिल्या प्रश्नावर ठरतं.

आधी रजिस्टर

उत्तराची सुरुवात मोजण्यापासून होते. "आमच्याकडे पेशंट फार पडतात" या वाक्यावर कुणी पैसे काढत नाही. दर हजार रुग्ण-दिवसांमागे किती जण पडले, दर शंभर कॅन्युलांमागे किती जणांना फ्लेबायटिस झाला, असं सांगता आलं पाहिजे. रुग्ण-दिवस म्हणजे दुसरं काही नाही, रोज मध्यरात्रीच्या सेन्ससमध्ये जो आकडा तुम्ही लिहिता त्याची महिन्याची बेरीज. तो आकडा रजिस्टरमध्ये आहेच. वरचा आकडा, म्हणजे घटना किती घडल्या, तो मात्र बहुतेक ठिकाणी खोटा असतो. कारण उघड आहे: इन्सिडंट फॉर्म भरला की मेमो मिळतो. तुमच्या हॉस्पिटलात अशी रीत असेल तर आधी मेट्रनशी आणि क्वालिटी विभागाशी बोलून, या मोजणीत नाव लिहायचं नाही आणि कुणाला जाब विचारायचा नाही, एवढं पदरात पाडून घ्या. त्याशिवाय हाती येणारा आकडा निरुपयोगी.

काही महिने काहीही न बदलता नुसतं मोजा. मग युक्ती एका वॉर्डात सुरू करा, तशाच दुसऱ्या वॉर्डात करू नका, आणि दोन्हीकडे मोजत राहा. इथे एक गंमत होते, ती आधीच सांगून ठेवतो. सुरुवातीला घटना वाढलेल्या दिसतात. लोक नीट नोंदवू लागतात म्हणून. व्यवस्थापनाला याची कल्पना दिलेली नसेल तर दुसऱ्याच महिन्यात तुमचा प्रयोग गुंडाळला जाईल. म्हणून केवळ घटनांची संख्या दाखवू नका. त्यातल्या किती घटनांत रुग्णाला खरोखर इजा झाली, तो आकडा वेगळा ठेवा. नोंदणी सुधारली म्हणून हिप फ्रॅक्चर वाढत नाहीत.

स्वतःच्या वॉर्डातली कामाची पद्धत सुधारणं आणि रुग्णांवर नवी वस्तू वापरून बघणं, यातली सीमारेषा पातळ आहे. वस्तू रुग्णाच्या शरीराला लागणार असेल किंवा निष्कर्ष कुठे छापायचे असतील, तर हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीकडे आधी जा. नंतर परवानगी घेता येत नाही. आणि रुग्णांच्या केसपेपरचे फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये साठवणं आजच थांबवा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा बाजूला ठेवला, तरी उद्या कंपनीत पैसे घालणारा पहिल्याच बैठकीत विचारेल की ही माहिती कुठून आणली.

वापरणारा एक, घेणारा दुसरा

आता त्या पट्ट्यांकडे परत येऊ. समजा, तुम्ही न पुसणाऱ्या, रंगीत, दोन्ही टोकांना लावायच्या छापील लेबलांची जोडी बनवली आणि ५ रुपयांना विकायला काढली. २० खाटांच्या आयसीयूत नळ्या बदलणं, नवे रुग्ण, सगळं धरून रोज ३० जोड्या लागल्या, तर वर्षाला १०,९५० जोड्या, म्हणजे ५४,७५० रुपये. छपाई, गोंद, पॅकिंग आणि कुरिअर यांत निम्मे गेले तर हातात राहिले साधारण २७,००० रुपये. दरमहा ३०,००० पगाराचा एक माणूस ठेवायचा तर अशी तेरा-चौदा हॉस्पिटलं हवीत, आणि त्यात तुमचा स्वतःचा पगार नाही. हा हिशोब कागदाच्या मागच्या बाजूवर दहा मिनिटांत होतो. तरीही लोक तो न करता लोगो बनवून घेतात.

हिशोब जुळला नाही म्हणजे कल्पना टाकून द्यायची असं नाही. लेबल एकटं पुरत नाही, एवढंच कळलं. लेबलांबरोबर स्टाफचं ट्रेनिंग, दर तीन महिन्यांनी नळ्यांचं ऑडिट, त्याचा अहवाल, असं सगळं मिळून वर्षाचं कंत्राट दिलं तर चित्र बदलतं. हॉस्पिटलला लेबलांपेक्षा तो अहवाल जास्त हवा असतो. एनएबीएचची असेसमेंट जवळ आली की क्वालिटी मॅनेजर औषधांच्या चुका आणि रुग्ण पडण्याच्या घटना यांचे आकडे गोळा करत धावत असतो. त्याची धावपळ कमी करणाऱ्याला तो परचेसपर्यंत स्वतः घेऊन जातो.

हॉस्पिटलात तुमची वस्तू वापरणारी स्टाफ नर्स, तिचा फायदा होणारा रुग्ण, ती मंजूर करणारे मेडिकल सुपरिटेंडंट, भाव पाडणारा परचेस मॅनेजर आणि चेकवर सही करणारे ट्रस्टी, हे पाच वेगळे लोक असतात. तुम्ही आयुष्यभर पहिल्या दोघांशी बोलत आलात. कंपनीला उरलेल्या तिघांची भाषा लागते. सुपरिटेंडंटना कोर्टकचेरी आणि नातेवाइकांचा गोंधळ टाळायचा असतो. परचेसला विचारायचं असतं की सध्या वापरतो त्यापेक्षा हे महाग का, आणि 'सध्या' तर माइक्रोपोअर आणि बॉलपेन आहे. ट्रस्टींना हॉस्पिटलचं नाव दिसतं.

यात एक कडू बाब आहे. दाबाच्या जखमेमुळे रुग्ण आठ दिवस जास्त राहिला तर तोटा कुणाचा? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किंवा ठरलेल्या पॅकेजवर उपचार होत असतील, तर ते आठ दिवस हॉस्पिटलच्या खिशातून जातात. खाटेचं रोजचं भाडं रोख वसूल होत असेल, तर त्याच आठ दिवसांचं बिल लागतं. कुणी मुद्दाम जखमा होऊ देतं असं मी म्हणत नाही, पण अशा जखमा टाळणारी एकच गादी एका हॉस्पिटलात पटकन खपते आणि रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात 'बघू, पुढच्या बजेटमध्ये' होते, त्याचं कारण पुष्कळदा इथे सापडतं. पहिली गिऱ्हाइकं पॅकेजवर चालणाऱ्या हॉस्पिटलांत शोधा.

तसंच विम्याचं. इर्डाच्या याद्यांत पुष्कळ किरकोळ वस्तू अशा आहेत, ज्यांचे पैसे विमा कंपनी वेगळे देत नाही. त्या खोलीभाड्यात किंवा प्रोसिजरच्या खर्चात धरल्या जातात. तुमची वस्तू त्यात बसत असेल तर 'पेशंटच्या बिलात लावू' हा मार्ग बंद. डिस्चार्जच्या काउंटरवर नातेवाइकांशी भांडण लावणारी वस्तू सिस्टरही आनंदाने वापरत नाहीत.

आणि कधी कधी उत्तर कंपनी नसतंच. फीडची नळी चुकून शिरेच्या नळीला जोडली जाणं हा जीवघेणा प्रकार जगभर घडत आला आहे. त्यावरचा खरा तोडगा रंग किंवा लेबल नव्हता. दोन्ही जोड एकमेकांत बसूच नयेत असे आकार ठरवणारं आयएसओ ८०३६९ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. एकट्या कंपनीला हे साधलं नसतं. म्हणून पैसे घालण्याआधी आपल्या प्रश्नावर जगात कुठे काय झालंय ते शोधा. पेटंटची सरकारी संकेतस्थळं सर्वांना फुकट बघता येतात. नळ्यांचे रंग वेगळे असावेत ही कल्पनाही दोन अमेरिकन परिचारिका बहिणींनी, तेरी बार्टन-सालिनास आणि गेल बार्टन-हे यांनी, वीसेक वर्षांपूर्वीच पेटंटपर्यंत नेली होती.

नाव कुणाचं लागणार

१९५६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या एसेक्सच्या रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळत होत्या. ऊन चांगलं असलं की त्या बाळांना अंगणात नेत. एकदा राऊंडच्या वेळी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. अंग फिकट, पण चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्रिकोणी भाग पिवळाच्या पिवळा. काविळीवर प्रकाशाचा उपचार तिथून सुरू झाला. १९५८ मध्ये लॅन्सेटमध्ये शोधनिबंध आला तो क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांच्या नावाने. आज कुठल्याही एनआयसीयूत निळ्या दिव्याखाली बाळ दिसतं. त्याच दिव्यापासून डोळे झाकायची पट्टी सारखी सरकते म्हणून वैतागलेल्या शॅरन रोगोन या कॅलिफोर्नियातल्या नवजात विभागातल्या नर्सने 'बिली-बॉनेट' हा मास्क बनवला आणि त्यावर स्वतःची कंपनी काढली. एकाच दिव्याभोवती दोन परिचारिका, आणि व्यवहारात केवढा फरक.

तेव्हा कागद आधी. भारतीय पेटंट कायद्यात नोकरदाराने लावलेल्या शोधाची मालकी कुणाची, याचं स्वतंत्र कलम नाही. ते करारावर ठरतं. तुमचं नियुक्तीपत्र काढून वाचा. त्यात 'सेवेत असताना निर्माण झालेलं सर्व काही संस्थेचं' अशा अर्थाची ओळ असेल तर आधी संस्थेशी लेखी बोला. हॉस्पिटलला थोडा हिस्सा किंवा कायम सवलतीचा दर देऊन मोकळं होणं बरेचदा शहाणपणाचं ठरतं, कारण पहिली चाचणी तिथेच व्हायची असते. सरकारी सेवेत असाल तर १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू होतात. खाजगी धंद्याला पूर्वपरवानगी लागते, आणि भावाच्या नावावर कंपनी काढून आपण मागून चालवू हा मार्ग पुढे फार महागात पडतो.

शोध आधी जाहीर झाला तर पेटंट जातं. नर्सिंग कॉन्फरन्समधलं पोस्टर, बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा फोटो, युट्यूबवरचा कौतुकाचा व्हिडिओ, सगळं जाहीर करणंच. म्हणून आधी प्रोव्हिजनल अर्ज टाका. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे आणि पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. महाराष्ट्र आणि गोव्याचं कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. मात्र सगळ्यालाच पेटंट मिळत नाही. उपचाराची किंवा निदानाची पद्धत, नुसती संगणक प्रणाली, माहितीची मांडणी, हे सगळं कायद्याच्या कलम ३ मधल्या नकाराच्या यादीत आहे. आपल्या लेबलांचं पेटंट होणं कठीण. नुसत्या लेबलाला डिझाइन नोंदणीही मिळत नाही. वेगळ्या आकाराची वस्तू असेल तर त्या आकाराची डिझाइन नोंदणी होऊ शकते, जी १० वर्षं आणि पुढे ५ वर्षं टिकते. लेबलांच्या नावाचा ट्रेडमार्क मात्र घेता येतो. हँडओव्हरच्या छापील चेकलिस्टवर कॉपीराइट आपोआप असतो.

अर्जात शोधक म्हणून ज्यांनी खरोखर शोध लावला त्यांचीच नावं येतात. एचओडी सरांना मानाचं पान म्हणून पहिलं नाव द्यायचा मोह होईल, वरून सूचनाही येईल. आभार माना, पेढे द्या, शोधकांत घालू नका. पुढे कुणी आव्हान दिलं तर हेच नाव अडचणीचं होतं. भागीदारांच्या बाबतीतही तसंच. इंजिनिअर मित्र ॲप करतो, एमबीए झालेला भाचा विक्री बघतो आणि सिस्टरला 'क्लिनिकल ॲडव्हायझर' हे पद मिळतं, शेअर मात्र नाहीत. हे होऊ देऊ नका. कुणाला किती टक्के, तो किती वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणार आणि मध्येच सोडून गेला तर काय, हे कंपनी नोंदवायच्या आधी लिहून सह्या करा. नोंदणी स्वतः सोपी आहे, सीए ती करून देतो.

पहिला नमुना घरीच करा. अमेरिकेत बफलोच्या हॉस्पिटलातल्या ॲनिटा डॉर या परिचारिकेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणीबाणीच्या ट्रॉलीचा नमुना केला, तो घरच्या घरी बनवून लाल रंगाने रंगवलेला होता. त्याआधी तिने सहकाऱ्यांना बसवून नेमकं काय काय लागतं त्याची यादी केली होती. ती यादी ट्रॉलीहून महत्त्वाची होती. इंजिनिअरिंगची मदत हवी असेल तर आयआयटी मुंबईतलं बेटिक हे केंद्र वैद्यकीय उपकरणांवरच काम करतं, आणि पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर आहे. बायरॅक या केंद्र सरकारी संस्थेच्या 'बिग' योजनेत ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, पण तिथे नवं तंत्रज्ञान लागतं. छापील लेबलाला ते मिळणार नाही. अर्जाच्या अटी बदलत असतात, ताजी जाहिरात वाचा. स्टार्टअप स्पर्धांना जायला हरकत नाही, ओळखी होतात, मात्र पुठ्ठ्याच्या मोठ्या चेकबरोबर काढलेला फोटो म्हणजे विक्री नव्हे.

परवान्यांची भीती बाळगण्यापेक्षा आपली वस्तू कुठल्या वर्गात बसते ते आधी बघा. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत: इंजेक्शनची सुई बी मध्ये, व्हेंटिलेटर सी मध्ये, हृदयाची कृत्रिम झडप डी मध्ये. ए आणि बी चा उत्पादन परवाना राज्याच्या एफडीएकडे, सी आणि डी चा केंद्राकडे. निर्जंतुक नसलेली आणि काही मोजत नसलेली ए वर्गातली वस्तू असेल तर परवान्याऐवजी केंद्राच्या पोर्टलवर स्वतः नोंदणी करून भागतं. उपचारासाठी किंवा निदानासाठी वापरायचं सॉफ्टवेअरही उपकरणांत मोडतं, हे ॲपवाले विसरतात. वेष्टनावर 'शंभर टक्के सुरक्षित' असं चुकूनही छापू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि तिथे तुम्ही सिस्टर नसता, उत्पादक असता.

नोकरी लगेच सोडू नका. पहिल्या दोन-तीन हॉस्पिटलांनी एकदा घेतलेला माल पुन्हा मागवला की मग विचार करा. फुकट दिलेला नमुना सगळेच घेतात, दुसरी ऑर्डर कोण देतं ते बघायचं. आणि उद्यमची नोंदणी कंपनी निघाल्याच्या आठवड्यातच करा, फुकट असते. हॉस्पिटलं पुरवठादाराचे पैसे चार-सहा महिने सहज अडकवतात. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज. पहिल्याच बिलावर उद्यम क्रमांक आणि ही अट ठळक छापा, आणि परचेस ऑर्डरवर सही होण्याआधीच अकाउंट्समध्ये जाऊन चेक नेमका कोण काढतो ते विचारून या.